प्रतिसाद: रानटी याक आणि संकराचा धोका

शिकारीवर बंदी आल्याने रानटी याकची संख्या घटण्याचा प्रश्न सुटला, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. तिबेटच्या चांगथांग पठारावर बंदीचा उपयोग झाला, हे मान्यच आहे. परंतु जेथे पाळीव याकांचे कळप रानटी याकांच्या कुरणांपर्यंत पोहोचले आहेत, तेथे रानटी नर पाळीव माद्यांकडे ओढले जाऊन दोहोंचा संकर होतो व रानटी वंश शुद्ध राहत नाही, रोगांच्या संसर्गाची भीती राहते, आणि थोराड, काटक वासरे मिळतात म्हणून काही पशुपालकांना हा संकर हवासाही वाटतो. त्यातच रानटी मादी बहुधा एका वर्षाआड एकच वासरू देते, त्यामुळे घटलेली संख्या फार सावकाश भरून निघते. लडाखच्या चांगचेन्मो खोऱ्यातील मोजक्या याकांबाबत तर मला या संकराचीच सर्वाधिक काळजी वाटते.