दुधाची दाढ: वाचवायची की काढायची? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांच्या जागी फ्लॅट क्रमांक)

बी-३०४: नमस्कार मंडळी. मुलगी साडेपाच वर्षांची. खालच्या दुधाच्या दाढेला कीड लागलीय, काल रात्रभर ठणकत होती, झोपलीच नाही. डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करून कॅप बसवू. सासूबाईंचं म्हणणं, पडणारीच दाढ आहे, काढून टाका. कुणाच्या मुलांचं असं झालंय का?

ए-१०२: आम्ही मुलाची काढूनच टाकली होती. पाच मिनिटांत मोकळं. लहान मुलांना रूट कॅनाल वगैरे मला तरी पटत नाही.

सी-२०१ (आजी): लवंगेच्या तेलाचा बोळा ठेव गं दाढेत. बिचारी किती रडली असेल.

ए-५०३ (दंतवैद्य): ओपीडीतून आत्ता आले. ३०४, आधी सांगा, गालावर सूज किंवा ताप आहे का? असेल तर आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. आजी, लवंगेचं तेल लहानांना नको, हिरडी आणि गालाची आतली कातडी भाजते. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, पण औषध पोटात जाऊ द्या, गोळी दाढेपाशी दाबून ठेवायची नाही.

बी-३०४: सूज नाही, ताप नाही ताई.

ए-५०३: मग दाढ वाचवायला चांगली संधी आहे. दुधाचे दात एकूण २०. समोरचे दात मूल सहा-सात वर्षांचं झालं की पडू लागतात, पण दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या लेकीला याच दाढेवर अजून पाच वर्षं पोळी-भाकरी चावायची आहे. शिवाय ती दाढ खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून बसलेली असते. ती लवकर काढली की मागची दाढ पुढे सरकते आणि नव्याला वाट उरत नाही. मग तो वाकडा येतो किंवा अडकतो. मुलांच्या रूट कॅनालमध्ये आम्ही विरघळणारं औषध भरतो, त्यामुळे दाढेची मुळं वेळेवर झिजतात आणि ती आपली आपण पडते. दाढ अगदीच गेलेली असेल तर काढावी लागते, पण तेव्हा जागा राखणारी तार बसवायची का, हे विचारून घ्या.

ए-१०२: तारेचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मुलगा आता आठ वर्षांचा आहे.

ए-५०३: घेऊन या, बघते. एक्स-रे काढला की जागा किती उरलीय ते कळेल.

डी-४०४: ताई, आमचा दीड वर्षाचा. दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो. चालतं ना?

ए-५०३: नाही, हे आजपासून मोडा. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध दातांवर तसंच राहतं आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. दूध पाजा, मग दात घासा, मग झोपवा. मध्ये तहान लागली तर पाणी. आणि सगळ्यांनाच सांगते, गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त बाधतं. दर तासाला एक बिस्किट हातात देण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच गोड द्या.

सी-६०२: माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. आमच्याकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं कितीतरी जणांचे दात तपकिरी झालेत. म्हणून मुलीला फ्लोराइडची पेस्ट द्यायला मी घाबरते.

ए-५०३: तुमची भीती खरी आहे, तिथल्या काही गावांनी हे सोसलंय. पण तिथे दात बनत असताना वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं. पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. पेस्ट वरून लावून थुंकायची असते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. डब्यावर फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएम लिहिलेलं चालेल. नुसतं थुंकायचं, खळखळून चुळा भरत बसायचं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा.

३०४, अजून एक, आणि हे अगदी मनावर घ्या. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. माझ्याकडे नऊ-दहा वर्षांची मुलं येतात, ती दाढ पोखरलेली असते आणि आई-वडील म्हणतात, पडेलच ना. तिच्या खाचा खोल असतात, त्या लेप लावून बुजवता येतात. दाढ पूर्ण वर आली की विचारा.

डी-१०५: आमच्या कामाच्या मावशी नातवाला मशेरी लावतात. परवडेल असा दवाखाना आहे का?

ए-५०३: मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आधी ती बंद करायला सांगा. सीएसएमटीला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं आहे. दोन्हीकडे मुलांचा विभाग वेगळा आहे. सकाळी लवकर जावं, गर्दी असते.

बी-३०४: ताई, उद्या अकराची वेळ मिळाली. सासूबाईंना तुमचा मेसेज वाचून दाखवला, त्या पण येतायत.

ए-५०३: छान. पोटभर खाऊ घालून न्या, उपाशी मूल लवकर चिडतं. "काही टोचणार नाही" असं सांगून नेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती खुर्चीत बसायची नाही. आणि नंतर इंजेक्शनची बधिरता उतरेपर्यंत खायला देऊ नका, मुलं नकळत ओठ चावून घेतात.