नामचेच्या लॉजवरून: आधी डे-हाईक, मग गोक्यो

पणजीहून मे महिन्यात नेपाळमध्ये, एव्हरेस्टच्या भागातल्या गोक्यो ट्रेकला निघणाऱ्या ग्रुपचा प्रश्न आहे, 'नामचेला एक रात्र काढून थेट डोले गाठावं का?' नको. नामचे 3,440 मीटर, डोले सुमारे 4,050, म्हणजे एका दिवसात झोपायची उंची सहाशेने वाढते. तीन हजारांच्या वर हा फरक रोज पाचशेच्या आत ठेवायचा.

नामचेला दोन रात्री काढा. मधल्या दिवशी स्यांगबोचेमार्गे एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेल (3,880) आणि खुमजुंग करून दुपारी परत लॉजवर. चढताना बोलता येईल एवढाच वेग. मग मोंग ला ही खिंड ओलांडून फोर्त्से तेंगाला मुक्काम, तिथून डोले, माछेर्मो, गोक्यो (सुमारे 4,790). या दरीत लोक आजारी पडतात ते घाईने. अंतरं कमी दिसतात, चढ मात्र खडा आहे. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढणीवर सराव करा, पाय तयार होतील. विरळ हवेची सवय मात्र तिथे होणार नाही.

आणि बूट! गोव्याच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा पॉलियुरेथेनचा मधला थर आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो. तळव्याच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा; भेगा पडल्या, भुगा सुटला तर घरीच ठेवा. नाहीतर सोल वाटेतच सुटेल.