ड्रीमकास्ट एवढं चांगलं होतं, तर सेगा बुडाली कशी?

निखळ_आळशी (नाशिक)

मंडळी, एक वाद मिटवून द्या. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचे गेम सोनीच्या प्लेस्टेशनवर यायला लागले (सी ऑफ थीव्ह्ज, हाय-फाय रश वगैरे), तेव्हापासून आमच्या ग्रुपवरचा एक जण रोज म्हणतो, "आता यांचीही सेगा होणार," म्हणजे मशीन सोडून नुसते गेम बनवत बसणार. मला सेगा म्हटलं की फक्त सॉनिक आठवतो. माझ्या जन्माआधीच त्यांनी मशीन बनवणं सोडलं होतं.

म्हणून वाचायला बसलो, तर गोंधळ आणखी वाढला. ड्रीमकास्ट, म्हणजे सेगाचं शेवटचं गेम मशीन, अमेरिकेत ९-९-९९ ला आलं, १९९ डॉलरला. पहिल्या २४ तासांत साडेनऊ कोटी डॉलरच्या वर धंदा. इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला, तोही त्या काळात! अमेरिकेत सोनीचा पीएस२ (प्लेस्टेशन २) आला त्याच्या वर्षभर आधी हे बाजारात. आणि ३१ जानेवारी २००१ ला जाहीर करून टाकलं की बंद. मशीन चांगलं, किंमत कमी, सुरुवात जोरात, मग माशी शिंकली कुठे? त्या काळात हे जवळून पाहिलेलं कुणी आहे का इथे?

---

फुकट_फौजदार

पायरसी. विषय संपला. सेगाने मिल-सीडी नावाचा प्रकार आणला होता, म्हणजे गाण्यांच्या सीडीत थोडं व्हिडिओ-बिडिओ टाकता यावं म्हणून. हॅकर लोकांनी तेच दार पकडलं. २००० साली बूट डिस्क (आधी ती लावायची, मग कॉपी केलेला गेम) निघाली आणि त्यानंतर मशीन न उघडता, चिप न लावता साध्या कोऱ्या सीडीवर गेम चालायला लागले. फुकट मिळाल्यावर विकत कोण घेतो?

---

तपकीर_गल्ली (पुणे)

फौजदार, असं असतं तर पहिला प्लेस्टेशन सगळ्यात आधी मेला असता. मी बुधवार पेठेत दुरुस्तीला बसायचो तेव्हा प्लेस्टेशनला चिप मारून घ्यायला (म्हणजे कॉपी गेम चालतात) लोक लांबून यायचे. चिप न मारलेला पीस दाखवा म्हटलं तर दिवसभर शोधावा लागला असता. तो प्लेस्टेशन जगभर १० कोटींच्या वर गेला. ड्रीमकास्ट ९१ लाखांच्या आसपास थांबलं. पायरसी दोघांच्याही घरी होती. बूट डिस्क आली तोवर सेगाचा ताळेबंद आधीच लाल झालेला होता.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर सेगा इथे कधी नीट पोचलीच नाही. १९९५ मध्ये शॉ वॉलेसने (हो, तीच दारूवाली) मेगा ड्राइव्ह आणला, सेगाचं ड्रीमकास्टच्या आधीचं मशीन. किंमत १८,००० रुपये! तेवढ्यात तेव्हा घरात दुसरं बरंच काही आलं असतं. आमच्या गिऱ्हाइकाला 'टीव्ही गेम' म्हणजे चायनाचा पिवळ्या कॅसेटवाला डबा, '९९९९ इन १', त्यात खरे गेम मोजून पंधरा-वीस.

---

जर्सीवाली (एडिसन, न्यू जर्सी)

निखळ, मी पाहिलंय, काउंटरच्या आतल्या बाजूने. ९२ साली आईबाबांबरोबर इकडे आले, कम्युनिटी कॉलेज चालू होतं आणि संध्याकाळी मॉलमधल्या एका गेमच्या दुकानात काम करायचे. पगार न्यू जर्सीचा किमान, तासाला ५ डॉलर ५ सेंट. मुलं माझ्याकडे न विचारता माझ्या मागच्या पोराकडे विचारायची, त्याला मॉर्टल कॉम्बॅटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. असो.

ड्रीमकास्टपासून सुरुवात केलीस म्हणून तुला ते कोडं वाटतंय. गोष्ट पाच वर्षं आधी सुरू होते.

९३ पर्यंत सेगा म्हणजे राजा. मेगा ड्राइव्हला इकडे जेनेसिस म्हणतात. टॉम कॅलिन्स्की नावाचा खेळण्यांच्या धंद्यातला माणूस, आधी मॅटेलमध्ये होता, त्याने अमेरिकेत ते मशीन निन्टेन्डोच्या (मारिओवाली कंपनी) तोडीस तोड आणून ठेवलं. स्वस्त केलं, बॉक्समध्ये सॉनिक फुकट दिला, निन्टेन्डोची जाहिरातीत उघड टिंगल केली. आमच्या दुकानात दोन्ही कंपन्यांच्या भिंती समोरासमोर होत्या आणि पोरं कुठल्या भिंतीकडे वळतात त्यावर त्यांची जात ठरायची.

मग सुरू झाली जोडकामं. आधी सेगा सीडी आली होतीच. ती जेनेसिसच्या खाली बसायची. ९४ च्या नोव्हेंबरात ३२एक्स आला, तो डोक्यावर खोचायचा. १५९ डॉलर. तिन्हींना वेगवेगळे अडॅप्टर, प्रत्येक अडॅप्टर विटेएवढा, म्हणजे पॉवर स्ट्रिप पण घ्यायलाच हवी. ती आम्हीच विकायचो, मॅनेजर खूश. पण गंमत बघ: ज्या आठवड्यात अमेरिकेत '३२एक्स घ्या, भविष्य इथे आहे' चाललं होतं, त्याच आठवड्यात जपानमध्ये याच कंपनीने सॅटर्न हे अगदी नवीन मशीन विकायला काढलं. ३२एक्सचे गेम सॅटर्नवर चालत नाहीत, सॅटर्नचे ३२एक्सवर चालत नाहीत. ज्या बापाने ख्रिसमसला दीडशे मोजले, त्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कळून चुकलं की पोराच्या हातात काय दिलंय. शेवटी ३२एक्स २० डॉलरला काढून टाकायची वेळ आली.

आणि मग ११ मे १९९५. लॉस एंजेलिसला पहिला ई-थ्री, म्हणजे व्हिडिओ गेमवाल्यांचा मेळा. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार असं सगळीकडे सांगून झालं होतं. कॅलिन्स्की मंचावर उभा राहिला आणि म्हणाला, सॅटर्न आजच दुकानात आहे, ३९९ डॉलर. कुठल्या दुकानात? फक्त चार साखळ्यांत. बाकीच्यांना पत्ताच नव्हता. केबी टॉईज इतकी चिडली की पुढे सॅटर्न ठेवायलाच तयार नव्हती. त्याच दिवशी सोनीच्या भाषणात स्टीव्ह रेस वर आला, "दोनशे नव्याण्णव" (प्लेस्टेशनची किंमत) एवढं म्हणाला आणि खाली उतरला. टाळ्यांचा कडकडाट.

आमचं दुकान त्या चारांपैकी एकाचं होतं. म्हणजे आमची चांदी व्हायला हवी होती ना? खोकी आली, आम्ही मांडली. पण लोकांच्या डोक्यात सप्टेंबर. जाहिरात कुठे नाही. गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण बाहेरच्या कंपन्या सप्टेंबर धरून गेम बनवत होत्या, त्यांनाही आदल्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. येणारा माणूस डेमोवर दहा मिनिटं व्हर्च्युआ फायटर खेळायचा, किंमत बघायचा आणि विचारायचा, "सोनीचं कधी येतंय?" ३९९ म्हणजे माझे ७९ तास. त्यातल्या १०० डॉलरचा फरक काय असतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ९ सप्टेंबरला प्लेस्टेशन आला, तोपर्यंत सॅटर्नची चार महिन्यांची आघाडी कागदावरच होती. ऑक्टोबरात सेगाने किंमत २९९ केली, पण आधी ३९९ देऊन गेलेली गिऱ्हाइकं मग काय म्हणतील?

चार दुकानदार खूश करायला बाकी सगळे दुखावले, आणि चौघांचाही त्यात काही फायदा झाला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

शून्य_ते_एक (बंगळूर)

जर्सीवाली, भारी लिहिलंयत. तांत्रिक बाजूची थोडी भर. मी जुन्या मशीनसाठी हौसेने कोड लिहितो, सॅटर्नला हात लावला आणि तोंडाला फेस आला. हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर, २८.६ मेगाहर्ट्झचे. दोघांनी एकच मेमरी बस वापरायची, त्यामुळे एक बोलत असेल तर दुसरा गप्प. चित्रासाठी परत दोन वेगळ्या चिप. त्यातली पहिली चौकोन काढते, आणि बाकी सगळं जग थ्रीडीसाठी त्रिकोण वापरायला लागलेलं. प्लेस्टेशनसाठी बनवलेला गेम सॅटर्नवर आणायचा तर मुळापासून परत बसायचं. व्हर्च्युआ फायटर बनवणारे सेगाचेच यू सुझुकी तेव्हा म्हणाले होते की एकच वेगवान प्रोसेसर बरा होता, या मशीनमधून खरा वेग काढू शकेल असा प्रोग्रामर शंभरात एखादाच. घरचा माणूस असं म्हणतो तेव्हा बाहेरच्यांनी काय करायचं? सोनीने तयार लायब्ररी हातात दिल्या, सी भाषेत लिहा म्हणाले. लोक तिकडे गेले.

टूडी गेमसाठी मात्र सॅटर्न अफलातून आहे, हे नोंदवून ठेवतो.

---

फुकट_फौजदार

बरं, मान्य, सॅटर्न फसलं. पण ड्रीमकास्टमध्ये तर या सगळ्या चुका सुधारल्या होत्या. एक प्रोसेसर, सोपं काम, १९९ डॉलर. मग?

---

जर्सीवाली

सुधारल्या ना. तेच तर. मशीन सुधारलं, पण गिऱ्हाइकाच्या मनातलं कसं सुधारणार?

मधल्या काळात काय झालं बघ. सॅटर्न जपानमध्ये बरं चालत होतं, म्हणून तोक्योच्या ऑफिसने ठरवलं की आता सगळं लक्ष सॅटर्नवर, जुनी मशीन आवरा. इकडे अमेरिकेत लोक जेनेसिस अजून मागत होते. आमच्याकडे ९५ च्या ख्रिसमसला आयाबाया जेनेसिस विचारत होत्या, सॅटर्न नाही. ९६ मध्ये कॅलिन्स्की गेला. त्याच सुमारास बर्नी स्टोलर सेगात आला, हा आधी सोनीत होता. ९७ च्या ई-थ्रीमध्ये त्याने सरळ सांगून टाकलं की सॅटर्न आमचं भविष्य नाही. खरं असेल, पण शेल्फवर माल असताना असं कुणी बोलतं? त्यानंतर सॅटर्न घ्यायला कोण येणार! ९८ मध्ये ते इथून गुंडाळलं. ड्रीमकास्ट ९९ च्या सप्टेंबरात. म्हणजे वर्षभर सेगाकडे अमेरिकेत विकायला चालू मशीनच नाही. मार्च ९८ ला संपलेल्या वर्षात तोटा ३५.६ अब्ज येन. त्याआधी बंडाई या खेळण्यांच्या कंपनीशी विलीनीकरण जाहीर झालं होतं, ते चार महिन्यांत मोडलं.

आता तू गिऱ्हाइक आहेस. सेगा सीडी घेतली, ३२एक्स घेतला, सॅटर्न घेतलं, तिन्ही वेळा कंपनीने मध्येच सोडून दिलं. चौथ्यांदा ती म्हणते, हे घे, हे फार छान आहे. छान होतंच! पण त्याच वेळी सोनी म्हणतेय, थोडं थांब, पीएस२ येतोय, डीव्हीडी पण बघता येईल, जुने प्लेस्टेशनचे गेम पण चालतील. तू काय करशील?

लोक थांबले. आणि खरी मेख पुढे आहे. ऑक्टोबर २००० मध्ये पीएस२ आला तेव्हा माल पुरेसा नव्हता. सोनीने ठरवलेल्या दहा लाखांऐवजी पाच लाखच आले, लोक रांगा लावून रिकाम्या हाताने परत जात होते. शेजारी ड्रीमकास्टचा ढीग, आता १४९ डॉलर. मी तेव्हा नोकरीला लागलेले, पण जुन्या दुकानात जायचे गप्पा मारायला. रिकाम्या हाताने परत जाणारे ड्रीमकास्टला हातही लावत नव्हते. "जानेवारीत येईल ना परत माल? मग येतो."

गेमवाल्या कंपन्यांचंही तेच. ईए या बड्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम केला नाही. अमेरिकेत ईएचा फुटबॉलचा गेम मॅडन नसलेलं मशीन म्हणजे अर्धी गिऱ्हाइकं दारातूनच परत. सेगाने स्वतःचा एनएफएल २के काढला, तो खेळायला चांगला होता, माझा भाऊ अजून शपथा घेतो. पण बापलोकांना मॅडन हे नाव पाहिजे होतं.

शेवटी सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले, म्हणून सेगा निदान गेम बनवणारी कंपनी म्हणून तरी उरली. मार्च २००१ मध्ये ते वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सॉनिक निन्टेन्डोच्या मशीनवर आला. ज्यांनी त्या दोन भिंतींमध्ये कोणतीही एक निवडली होती, त्यांना विचार काय वाटलं ते.

---

निखळ_आळशी

ताई, साष्टांग. ग्रुपवर लिंक टाकली. मग एक्सबॉक्सचं काय वाटतं? आणि दुसरं, एक जण जुनं ड्रीमकास्ट विकतोय, जपानमधून आणलेलं आहे म्हणतो. हे सगळं वाचून फार इच्छा होतेय. घेऊ का?

---

जर्सीवाली

एक्सबॉक्सची तशी सेगा होणार नाही, कारण सेगा कर्जात होती. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी घ्यायला ६९ अब्ज डॉलरच्या आसपास मोजले, त्यांचे पैसे संपायची भीती नाही. पण २०१३ आठव. एक्सबॉक्स वन ४९९ ला, पीएस४ ३९९ ला. परत तेच १०० डॉलर! वर जुने गेम विकण्यावर बंधनं घालणार म्हणाले, आरडाओरडा झाल्यावर महिन्याभरात शब्द फिरवला. २०१५ पासून तर मशीन किती विकली ते आकडेच सांगत नाहीत. दुकानात जो मालक खप विचारला की विषय बदलतो, त्याचा माल मी मागवला नसता. तुझा मित्र मशीनबद्दल बरोबर ठरेल, कंपनीबद्दल नाही.

ड्रीमकास्टचं गल्लीवाल्यांना विचार, मी फक्त विकलेत.

---

तपकीर_गल्ली

घे, पण जपानी पीस १०० व्होल्टचा असतो. सरळ भिंतीतल्या २३० ला लावलास तर एकच ठिणगी दिसेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी आण. विकणाऱ्याला समोर अर्धा तास चालू ठेवायला सांग. मध्येच आपोआप रीसेट होत असेल तर घाबरू नकोस, पॉवर बोर्डच्या पिनांवर गंज असतो, साफ केल्या की बंद होतं. दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला सेल गेलाय, तो डाग देऊन लावलेला असतो, स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नकोस. पण डिस्क घरघर करत नुसती फिरत राहिली आणि गेम लागलाच नाही, तर लेन्स गेली समज. मग अर्ध्या किमतीच्या वर एक रुपया देऊ नकोस, आणि पुण्यात येणार असशील तर मला आधी कळव.