जेपीसीला नुसता टाइमपास म्हणणं पटत नाही

जेपीसी (संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या खासदारांची संयुक्त चौकशी समिती) म्हणजे नुसता टाइमपास, सरकारला वाचवायची युक्ती, असं बरेच जण म्हणतात. हे बोफोर्स तोफा खरेदीतल्या लाचखोरीच्या प्रकरणाबाबतीत १००% मान्य, १९८७ च्या त्या समितीवर विरोधकांनी बहिष्कारच टाकला होता. मुळात समितीत जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे मिळतात म्हणजे बहुमत सत्ताधाऱ्यांचंच असणार आणि शिफारशीही सरकारवर बंधनकारक नसतात, ही खरी अडचण आहे.

पण म्हणून सगळंच मोडीत काढायचं का? २००३ ची कोल्ड्रिंकमधल्या कीटकनाशकांची जेपीसी बघा ना, शरद पवार अध्यक्ष होते, त्या समितीने प्रयोगशाळांचे रिपोर्ट तपासले, कीटकनाशकांचे अंश असल्याचं मान्य केलं आणि स्टँडर्ड ठरवा असं स्पष्ट सांगितलं. हे काम सभागृहातल्या गदारोळात कधीच झालं नसतं, तिथे स्थगन प्रस्ताव (बाकी कामकाज थांबवून तातडीच्या चर्चेची मागणी) द्यायचा, अध्यक्षांनी तो फेटाळायचा की सगळे वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, दिवस संपला! समितीत मात्र अधिकाऱ्यांना समोर बसवून कागद मागता येतात, उलटे प्रश्न विचारता येतात.

मला तर लोकलेखा समिती, म्हणजे सरकारी खर्च तपासणारी संसदेची समिती, जास्त महत्त्वाची वाटते. तिथे मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत, १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा आहे, आणि कॅगचे (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे) रिपोर्ट हाताशी असतात. प्रॉब्लेम एवढाच की तिचे अहवाल आपण कोणी वाचत नाही, चॅनेलवाले तर नाहीच नाही. निदान सरकार कुठली शिफारस का नाकारतंय यावर सभागृहात सक्तीने चर्चा व्हायलाच हवी, मतदानासकट.