मदत हवी आहे : पडल्यापासून आई चालायला घाबरते
आम्ही गोव्यात म्हार्दोळला राहतो. आई ७४ वर्षांची. आषाढात तुळशीपाशी शेवाळावरून पाय घसरला. हाड वाचलं, पण धीर खचला. आता अंगणात उतरताना माझा दंड इतका घट्ट धरते की बोटांचे वळ उठतात. म्हाळसेच्या देवळात जाणंही सोडलंय, तेच फार लागतं मनाला. बसून राहिलं की पाय आणखी कमजोर होतात, म्हणून ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून उठणं-बसणं सुरू केलंय. न्हाणीत दांडा बसवला. उठल्यावर कधीकधी गरगरतं. रक्तदाबाच्या गोळीमुळे का, ते डॉक्टरांना विचारतोय.

फोंड्याच्या आसपास घरी येऊन तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? आणि तुमच्याकडे कुणाची अशी भीती गेली असेल, तर सुरुवात कशी केलीत, तेही सांगा.