दुधाचा दात पडला नाही, मागून दुसरा आला

नमस्कार मंडळी,
काल रात्री लेकाचे दात घासून देताना खालच्या पुढच्या दातामागे, जिभेच्या बाजूला, काहीतरी टोचलं. टॉर्च लावून पाहिलं तर करवतीसारख्या काठाचा, पिवळट असा नवा दात! दुधाचा दात अजून जागेवरच आहे. लेक सहा वर्षांचा आहे. दात काढून घ्यावा लागेल का? फार काळजी वाटतेय.

---

ताई, घाबरू नका. मी लहान मुलांचे दात तपासते; हे वरचेवर दिसतं. कायमचा दात वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळतं, म्हणून तो हलतो. खालचे पुढचे दात कधीकधी जरा मागून निघतात आणि मूळ पुरतं विरघळत नाही. दात हलत असेल तर लेकाला जिभेने हलवत राहू द्या. दोरा बांधून ओढू नका. तो पडला की जीभच नव्याला हळूहळू पुढे ढकलते. अजिबात हलत नसेल, किंवा दोन-तीन महिन्यांत पडला नाही, तर दाखवून घ्या. पिवळटपणा रोगाचा नाही: कायमच्या दातात डेंटिन, म्हणजे आतला पिवळसर थर, जास्त असतो, त्याचा रंग दिसतो. करवतीचा काठ चावून चावून झिजतो.

मला काळजी आहे ती दाढेची. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. मग कीड लागली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून देतात. ती पडून पुन्हा येणार नाही हो! मधल्या रेषेपासून मागे मोजा. दुधाचे दात एका बाजूला पाचच. सहावा दिसला तर तो कायमचा. तिथे ब्रश आडवा घालून तुम्ही स्वतः घासा.

---

आमची नात सात महिन्यांची आहे. पहिला दात येतोय आणि १०२ ताप आहे. दातांचाच ना?

---

नाही, काकू. दात येताना लाळ गळते, किरकिर होते, अंग किंचित कोमट लागतं. एवढा ताप दातांचा नसतो. आजच डॉक्टरांना दाखवा. हिरडी बधिर करणारं जेल लावू नका, स्वच्छ बोटाने चोळा.

---

मोजले. खाली दोन्हीकडे सहावी आहे, उजवी अर्धी अजून हिरडीखाली. आणि पुढचा दात हलतोय, थोडासा.