शब्दचर्चा: शोधनिबंध ‘मागे घेतला’ की ‘बाद ठरवला’?

विचारणा

एका संशोधन नियतकालिकाच्या प्रकाशन-धोरणाचा मराठी मसुदा करते आहे. लेखक मराठीत लिहितात, परीक्षक मराठीत अभिप्राय देतात, पण धोरण आजवर इंग्रजीतच होतं आणि लेखक ते न वाचताच हमीपत्रावर सही करतात. रिट्रॅक्शन (छापलेला निबंध ग्राह्य नसल्याचं जाहीर करणं), कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट (संशोधनावर प्रभाव पाडू शकणारे हितसंबंध), पिअर रिव्ह्यू (छापण्यापूर्वी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी निबंध तपासणं), प्लेजिअरिझम (दुसऱ्याचं लेखन किंवा कल्पना आपली म्हणून वापरणं) आणि गिफ्ट ऑथरशिप (काम न करता लेखक म्हणून नाव लागणं) या पाच ठिकाणी अडले आहे. कोशांत प्रतिशब्द आहेत, पण ते धोरणाच्या कलमात घातले की अर्थ भलतीकडेच जातो. जाणकारांनी मदत करावी. सर्वांत मोठी अडचण रिट्रॅक्शनची आहे. मी ‘निबंध मागे घेणे’ असं लिहिलं आहे, पण ते मनाला पटत नाही.

उत्तर

ताई, तुमची शंका रास्त आहे. ‘मागे घेणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो, आणि मराठी वाचक तो कर्ता आपोआप लेखकच धरतो. अर्ज मागे घेतला, तक्रार मागे घेतली, शब्द मागे घेतले: ज्याने दिलं त्यानेच परत घेतलं. रिट्रॅक्शनमध्ये असं असेलच असं नाही. लेखकाचा विरोध असतानाही संपादक ते करू शकतो, आणि ही तरतूद नसेल तर त्या कलमाला काही अर्थच उरत नाही.

एकच प्रकरण घेतलं तरी फरक लख्ख दिसतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध छापला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि मुलांमधली स्वमग्नता यांचा संबंध असावा, असं त्यात सुचवलं होतं. २००४ मध्ये १३ पैकी १० लेखकांनी त्या निष्कर्षाचा अन्वयार्थ मागे घेतला. इथे ‘मागे घेतला’ अगदी चपखल बसतं. पण निबंध उभाच राहिला. तो संपूर्ण रद्दबातल झाला २०१० मध्ये, आणि तो निर्णय नियतकालिकाचा होता. या दोन्ही घटनांना मराठीत एकच क्रियापद वापरलं, तर मधल्या सहा वर्षांत काय झालं आणि काय झालं नाही, हे वाचकाला कळणारच नाही.

माझी सूचना: लेखकाने छापण्यापूर्वी निबंध परत नेला तर ‘मागे घेणे’, आणि छापल्यानंतर नियतकालिकाने तो ग्राह्य नसल्याचं जाहीर केलं तर ‘बाद ठरवणे’. मतमोजणीत बाद ठरलेलं मत फाडून फेकत नाहीत. ते वेगळ्या गठ्ठ्यात राहतं, त्याची नोंद होते, फक्त ते मोजलं जात नाही. बाद निबंधाचंही तेच. तो संकेतस्थळावरून पुसला जात नाही. प्रत्येक पानावर ठळक खूण येते, सोबत स्वतंत्र निवेदन येतं आणि ते निवेदन कुणालाही विनामूल्य वाचता येतं. म्हणून ‘काढून टाकणे’ हा शब्द कलमात चुकूनही नको.

आणखी एक उत्तर

‘निरस्त’ का नको? कायद्याच्या मराठीत तो रुळलेला आहे.

वरच्याला उत्तर

कायदा निरस्त झाला की तो पुढे लागू होत नाही, पण काल तो लागू होता हे मान्यच असतं. बाद निबंधाचे निष्कर्ष पहिल्या दिवसापासूनच विश्वासार्ह नव्हते. ‘निरस्त’मध्ये ही छटा येत नाही.

‘बाद’च्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतो, माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. बाद ठरवण्यामागे गुन्हाच असतो असं नाही. एखाद्या चमूला स्वतःच्याच गणनेत गंभीर चूक सापडते, ते स्वतः संपादकांना कळवतात आणि निबंध बाद होतो. हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. धोरणातल्या शब्दातच शिक्षेचा वास असेल, तर असे लोक पुढे येणार नाहीत. ‘बाद’ हा शब्द निकालाविषयी बोलतो, माणसाविषयी बोलत नाही. कारण काय होतं, ते निवेदनात स्पष्ट लिहायचं.

याच कुळातले आणखी दोन शब्द लागतील. लहान चुकीसाठी ‘शुद्धिपत्र’ आहेच, जुन्या पुस्तकांच्या शेवटी सर्वांनी पाहिलेलं. चौकशी चालू आहे, निकाल यायचा आहे, पण वाचकाला आत्ताच सावध करायचं आहे, अशा वेळी जे छापतात त्याला ‘सावधसूचना’ म्हणा. त्याच्या ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’ या इंग्रजी नावाचं ‘चिंतेची अभिव्यक्ती’ असं भाषांतर मी वाचलं आहे. ते वाचून कुणाला, कशाची चिंता वाटते आहे ते कळत नाही.

हितसंबंधांबद्दल

मी औषधनिर्माणाच्या क्षेत्रात संशोधन करते, त्यामुळे हे कलम रोजच्या कामातलं. ‘हितसंबंधांचा संघर्ष’ हे दोन कारणांनी चुकतं. संघर्ष म्हटलं की लढा डोळ्यांपुढे येतो, आणि ‘हितसंबंध’ मराठीत आधीच बदनाम आहे. ‘त्यात त्याचे हितसंबंध गुंतले आहेत’ हे वाक्य आपण कौतुकाने कधी म्हणत नाही. परिणामी, अर्जातल्या त्या रकान्यात लेखक ‘नाही’ लिहून मोकळा होतो. ‘आहे’ लिहिणं त्याला कबुलीजबाब वाटतं.

खरं तर हितसंबंध असणं हा दोष नाही, दडवणं हा दोष आहे. कंपनीने निधी दिला, लेखकाकडे त्या कंपनीचे समभाग आहेत, परीक्षक हा लेखकाचा जुना मार्गदर्शक आहे: हे सगळं सांगितलं की वाचक आपापलं वजन लावून वाचतो. वर वेकफील्डचा उल्लेख आला आहे. लस-उत्पादकांवर दावा लावणाऱ्या पालकांच्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते आणि त्या निबंधात ते सांगितलेलं नव्हतं. पुढे वादळ उठलं, त्यात हा मुद्दा मोठा होता.

म्हणून कलमाचं शीर्षक ‘हितसंबंधांचे निवेदन’ ठेवा, आणि ‘तुमचे हितसंबंध आहेत का?’ असा प्रश्न टाळा. ‘या संशोधनासाठी निधी कोणी दिला? गेल्या तीन वर्षांत या विषयाशी निगडित कोणाकडून मानधन, समभाग, प्रवासखर्च मिळाला?’ असं विचारा. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर येतं. आणि हेच प्रश्न संपादकांना आणि परीक्षकांनाही लागू आहेत, हे त्याच कलमात लिहा. बहुतेक धोरणांत ते दूर कुठेतरी तळाशी असतं.

परीक्षण

पिअर रिव्ह्यूला यंत्रानुवादात ‘समवयस्क पुनरावलोकन’ येतं. तो शब्द मसुद्यात असेल तर आजच काढा. वयाचा इथे काही संबंध नाही. ‘तज्ज्ञ-परीक्षण’ सोपं आहे. ‘समीक्षा’ नको, कारण आढावा घेणाऱ्या लेखाला समीक्षालेख म्हणतात आणि घोटाळा होतो. ‘दुहेरी अंध’ऐवजी ‘दुहेरी अनाम’: लेखकाला परीक्षकाचं नाव कळत नाही, परीक्षकाला लेखकाचं. कोणी आंधळं नसतं.

लेखक कोण?

गिफ्ट ऑथरशिपला ‘मानद लेखकत्व’ म्हणू नका, ही कळकळीची विनंती. मानद पदवी, मानद सचिव: मराठीत ‘मानद’ हा सन्मान आहे. ज्या गोष्टीला धोरण गैरप्रकार म्हणतं, तिला सन्मानाचं नाव द्यायचं? आपल्याकडे ‘नामधारी’ हा नेमका शब्द आहे. नावापुरता, काम न केलेला. ‘नामधारी लेखक’ म्हटलं की कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. उलट बाजूला, ज्याने लिहिलं पण ज्याचं नाव आलं नाही तो ‘पडद्याआडचा लेखक’. दोन्ही प्रकार एकाच कलमात घ्या, कारण बऱ्याचदा ते एकाच निबंधात सापडतात. कंपनीचा माणूस लिहितो आणि नामवंत प्राध्यापकाचं नाव वर येतं.

मूळ अडचण मात्र ‘लेखक’ या शब्दातच आहे. मराठीत लेखक म्हणजे लिहिणारा. प्रयोगशाळेत दोन वर्षं मोजमापं घेणारी, विश्लेषण करणारी मुलगी स्वतःला लेखक म्हणवून घ्यायला कचरते, आणि वरिष्ठही तिचं नाव ऋणनिर्देशात ढकलून मोकळे होतात. म्हणून व्याख्या द्यावीच लागेल. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत. संकल्पना, आखणी, विदासंकलन (विदा म्हणजे डेटा) किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात बौद्धिकदृष्ट्या महत्त्वाची सुधारणा करण्यात भाग हवा. अंतिम मजकुराला मान्यता हवी. आणि कामाच्या प्रत्येक भागाबद्दल उत्तर देण्याची तयारी हवी. चारही अटी पाळल्या तरच लेखक. शिवाय ज्याने पहिली अट पूर्ण केली आहे त्याला बाकीच्या तीन पूर्ण करण्याची संधी द्यायलाच हवी, असंही तीच समिती म्हणते. हे वाक्य कृपया गाळू नका. त्या मुलीला मसुदा दाखवलाच नाही आणि मग ‘तिने मसुद्यात भाग घेतला नाही’ म्हणून वगळलं, असं होऊ नये म्हणूनच ते आहे.

चौथ्या अटीसाठी ‘जबाबदारी’पेक्षा ‘उत्तरदायित्व’ बरा. जबाबदारी काम सोपवताना येते, उत्तरदायित्व प्रश्न विचारला गेल्यावर. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक मानायचं नाही, असं या समितीने आणि कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स या प्रकाशन-नीतीविषयक संस्थेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केलं, ते याच आधारावर. यंत्र मजकूर देईल, पण उत्तर द्यायला उभं राहणार नाही. साधन वापरलं असेल तर ते कुठे आणि कशासाठी, हे लेखकाने निबंधात सांगायचं.

वाङ्मयचौर्य

हा शब्द रुळला आहे, बदलू नये. पण व्याख्येत स्पष्ट लिहावं की चोरी फक्त वाक्यांची नसते. कल्पना, आकृती, छायाचित्र, विदा, परीक्षणासाठी गोपनीय म्हणून आलेल्या हस्तलिखितातली पद्धत, सगळं त्यात येतं. ‘वाङ्मय’ शब्दामुळे विज्ञानातल्या लोकांना वाटतं की हे साहित्यिकांचं प्रकरण आहे.

‘स्वचौर्य’ मात्र टाळा. स्वतःच्या घरात कोणी चोरी करत नाही. ‘मजकुराचा पुनर्वापर’ म्हणा आणि कुठवर चालतो ते सांगा. कार्यपद्धतीचा परिच्छेद संदर्भ देऊन पुन्हा आला तर बिघडत नाही. तेच निष्कर्ष नवे म्हणून दुसरीकडे छापणं हे ‘दुबार प्रकाशन’, आणि ते गंभीर आहे.

मजकूर ताडून पाहणारं सॉफ्टवेअर जे टक्के देतं ते साधर्म्याचे असतात, चौर्याचे नव्हेत. वीस टक्क्यांचा निबंध निर्दोष असू शकतो आणि पाच टक्क्यांच्या निबंधात नेमका कळीचा परिच्छेद उचललेला असू शकतो. निर्णय माणसानेच वाचून द्यायचा, हे कलमात यावं.

विदेच्या बाबतीत दोन शब्द वेगळे ठेवा. जे मोजलंच नाही ते लिहिणं म्हणजे ‘बनावट विदा’. जे मोजलं ते वाकवणं म्हणजे ‘फेरफार’. यान हेन्ड्रिक श्योन या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रकरणात वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतला यादृच्छिक गोंगाटसुद्धा, म्हणजे मोजमापात आपोआप येणारे बारीक चढउतारही, तंतोतंत सारखा निघाला होता. निसर्गात असं होत नाही. २००२ मध्ये चौकशी समितीने २४ पैकी १६ आरोपांत गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष काढला.

शीर्षकाबद्दल

कुणी विचारलं नाही, पण ‘अनैतिक संशोधन’ हा शब्दप्रयोग मसुद्यात असेल तर वगळा. बातम्यांच्या मराठीने ‘अनैतिक’ला एकाच प्रकारच्या संबंधांशी जखडून टाकलं आहे. ‘संशोधनातील गैरप्रकार’ नेमकं आहे. आणि माणसांवरच्या संशोधनासाठी ‘माहितीपूर्ण संमती’ऐवजी ‘समजून-उमजून दिलेली संमती’. माहितीपत्रकात माहिती भरपूर असते. सही करणाऱ्याला ती कळली का, हा खरा प्रश्न.

विचारणा करणारीकडून

सर्वांचे मनापासून आभार. ‘बाद ठरवणे’ आणि ‘नामधारी’ घेतले. कलम असं झालं आहे:

‘प्रकाशित शोधनिबंधाचे निष्कर्ष विश्वासार्ह नसल्याचे आढळल्यास, मग ते अनवधानाने झालेल्या चुकीमुळे असो वा गैरप्रकारामुळे, तो बाद ठरवला जाईल. बाद निबंध संकेतस्थळावर खुणेसह राहील. निवेदनात कारण दिले जाईल. लेखकांची संमती मागितली जाईल, परंतु ती बंधनकारक असणार नाही.’

शेवटचं उत्तर

छान झालं आहे. दोन दुरुस्त्या. ‘ठरवला जाईल’, ‘दिले जाईल’, ‘मागितली जाईल’: कोणाकडून? तक्रारदाराला कोणाचं दार ठोठवायचं ते कळायला हवं. आणि लेखकाला बाजू मांडायला मुदत द्या. नुसती संमती विचारणं म्हणजे त्याचं ऐकून घेणं नव्हे. मी असं लिहीन:

‘प्रकाशित शोधनिबंधाचे निष्कर्ष विश्वासार्ह नसल्याचे आढळल्यास संपादक तो बाद ठरवतील, मग कारण अनवधानाने झालेली चूक असो वा गैरप्रकार. निर्णयापूर्वी संपादक सर्व लेखकांना लेखी कळवतील आणि उत्तरासाठी ३० दिवस देतील. लेखक असहमत असल्यास निवेदनात तशी नोंद राहील. निबंध बाद कोणी ठरवला व का, हे निवेदनात असेल. तक्रार संपादकांविरुद्धच असल्यास निर्णय संपादक मंडळाबाहेरील व्यक्ती घेईल.’

३० ऐवजी तुमच्या मंडळाला झेपेल तो आकडा घाला, पण आकडा असू द्या. ‘वाजवी मुदत’ लिहिलंत तर पहिल्याच प्रकरणात वाद मुदतीवरच होईल.